कापायचा अंक

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी अजूनही सांगते, कुणी विचारलेलं नसलं तरी. उपयोजित कलेची पदवी आहे माझी. तिचं प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय. मी लावा म्हटलं नव्हतं, पण लावू नका असंही म्हटलं नाही.

नोकरी मात्र खोक्यांची. मी पॅकेजिंगच्या एका ऑफिसात उदबत्तीचे, बामचे, मसाल्यांचे खोके डिझाइन करते. काम चांगलं आहे, मला येतं आणि आवडतंही. खोक्यावर कंपनीचं नाव असतं, कारखान्याचा पत्ता असतो, वजन असतं, 'थंड व कोरड्या जागी ठेवा' हेही मीच बसवलेलं असतं. खोका कुणी केला ते नसतं. तशी पद्धतच नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण अंक सुरू करावासा वाटला त्याचं कारण हे होतं, निदान माझ्यापुरतं तरी.

अंक आम्ही दोघी काढतो, मी आणि माझी मैत्रीण. ती वसईजवळच्या गिरीजची. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, आता ती वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. घरी केळी-नारळाची वाडी. डॅडी निवृत्त मास्तर, आजोबाही मास्तर होते. त्यांच्या घरी पुस्तकं इतकी आहेत की काही जिन्याखाली ठेवलेली आहेत आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही विरारला राहतो, पश्चिमेला, एका सात मजली इमारतीत. बाबा कोकणातून आले, वालीवच्या एका कारखान्यात मशीनवर राहिले, आता निवृत्त आहेत. आई घरी टिकल्यांच्या कार्डांचं काम करते. आमच्या घरी जिन्याखाली काही ठेवायचा प्रश्नच नव्हता.

वर्षाला एकच अंक. दिवाळीच्या आधी निघतो, पण दिवाळी अंक म्हणावा असं त्यात काही नसतं. राशिभविष्य नाही, जाहिराती नाहीत. आमच्या पट्ट्यातली एखादी गोष्ट धरायची, तिच्यावर लोकांकडून लिहून घ्यायचं, चित्रं मैत्रीण काढणार, मांडणी मी करणार. मग हाताने छापायचा, हाताने शिवायचा. एका वर्षी आम्ही दुकानांच्या रंगवलेल्या पाट्या घेतल्या होत्या. एका वर्षी उमेळ्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्या. त्यातली काही घरं अंक निघेपर्यंत पडली आणि तिथे इमारतींचे खड्डे खणले गेले. शेवटच्या पानाच्या तळाला दोघींची नावं.

मैत्रिणीला नावाचं विशेष काही नाही. तिचं वेड वेगळं आहे. ती म्हणते, हाताने केलेली वस्तू वापरात यायला पाहिजे. टोपली असेल तर तिच्यात कांदे राहिले पाहिजेत. "आपला अंक लोक घेतात, 'वा वा' करतात आणि कपाटात ठेवतात," ती म्हणायची. "ह्याला वापरणं नाही म्हणत. ह्याला पुरणं म्हणतात."

त्यातूनच कंदिलाचा अंक निघाला. गिरीजला नाताळात घरोघर चांदण्या लागतात, आमच्याकडे दिवाळीत आकाशकंदील. कल्पना तिचीच, की अंकाचाच कंदील व्हावा. आधी वाचायचा. वाचून झाला की दोरा ओढून पानं सुटी करायची, छापलेल्या रेघांवर कापायची, दुमडायची, चिकटवायची, आत दिवा सोडायचा. तीच पानं वेगळी दुमडली की नाताळची चांदणी. उजेड आरपार यावा म्हणून पातळ हातकागद निवडला. घड्या कशा बसवायच्या, कंदील उभा केल्यावर कुठला मजकूर कुठल्या बाजूला येणार, हे सगळं मी बसवलं. खोके काढण्यात गेलेली वर्षं तिथे उपयोगी पडली. खोका काय, कंदील काय, शेवटी सपाट कागद उभा करायचा असतो.

छापलं तिच्या घराच्या ओट्यावर. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एका वेळी एकच रंग उतरतो. आधी पिवळा, तो वाळला की शेंदरी, त्यातच कापायच्या रेघा, आणि सगळ्यात शेवटी काळा, म्हणजे मजकूर. वाडीत केळीच्या रांगांमधून दोऱ्या बांधून त्यांच्यावर कागद वाळत घातले होते. डॅडी आरामखुर्चीत बसून प्रत्येक कागदाकडे बघत होते आणि मधूनमधून, "ह्याच्यावर थोडा जास्तच लागला काय?" असं म्हणत होते. लागला नव्हता.

शिवायला बसलो तेव्हा मैत्रीण म्हणाली, "एक सांगू? हा कुणी कापला नाही ना, तर पुढचा अंक मी नाही करणार."

मला वाटलं, दाभण हातात धरून कंटाळली असेल.

"खरंच सांगते," ती म्हणाली. "शाळेतल्या बाया मिळून कापडी पिशव्या छापायचं म्हणतायत. मला बोलावतायत. पिशवीतून माणूस भाजी तरी आणतो."

"आणि अंक?"

"तू काढ की."

मी एकटी काढू शकले नसते. चित्रं मला तिच्यासारखी येत नाहीत, ओटा तिचा, स्क्रीन तिची. आणि अंक गेला की माझं नाव असलेली एकही वस्तू उरणार नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, "कापतील. न कापायला काय झालं?"

पहिली प्रत मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरी नेली. सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे पाट मांडला. आमच्या घरात पाटी कधीच गेली, त्यामुळे सरस्वतीच्या शेजारी माझा लॅपटॉप, बाबांचे कारखान्यातले नट आवळायचे पाने, आईचा टिकल्या उचलायचा चिमटा. सगळ्यांच्या वर अंक. त्याच्यावर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल.

"बाबा, डाग पडेल ना कागदाला."

"पडू दे. शुभ असतं."

"तो कापायचाय."

"काय करायचाय?"

"कापून कंदील करायचाय. त्यासाठीच केलाय तसा."

बाबांनी आईकडे पाहिलं. ही काय म्हणते ते तू ऐकलंस ना, अशा अर्थाने. मग मला म्हणाले, "लिहिलेलं कापतात काय, बाय? नाव आहे तुझं त्याच्यावर."

आमच्याकडे वर्तमानपत्राला पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतात. पुडीचा कागदही बाबा आधी उलगडून वाचतात आणि मगच टाकतात, एखादी बातमी अर्धवट फाटलेली असली तर पुढे काय झालं असेल ह्याचा अंदाजही करतात. हे मला माहीत होतं. मी त्याच घरात वाढले. तरी घड्या बसवताना हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, हे मला सांगता येत नाही. पूजा झाल्यावर अंक देव्हाऱ्यात गेला, कुलदेवतेच्या फोटोमागे. आणखी प्रती होत्याच. मी विषय सोडून दिला.

मग वसईत एका हॉलमध्ये बचत गटांचं दिवाळीचं प्रदर्शन होतं, तिथे आम्ही टेबल घेतलं. एका बाजूला भाजणी आणि चकल्या, दुसऱ्या बाजूला रंगवलेल्या पणत्या. मध्ये आम्ही. टेबलावर एक कंदील टांगला होता, कच्च्या नमुन्यातून केलेला, दिवा लावून. लोक त्याला बघूनच यायचे.

"हा टांगलेला द्या," एक बाई म्हणाल्या.

"काकू, हा नुसता दाखवायला आहे. हा अंक घ्यायचा. घरी जाऊन वाचायचा आणि मग कापून असा करायचा."

"म्हणजे कंदील मीच करायचा?"

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

मैत्रीण एवढी हसली की चकलीवाल्या मावशीही वळून बघायला लागल्या. त्या काकूंनी अंक घेतला, आमच्यावर दया म्हणून असेल. जाताना म्हणाल्या, "चांगला आहे गं. कापवणार नाही मला."

दुसरे एक गृहस्थ बराच वेळ उभे होते. त्यांनी चष्मा पुसला, पानं उलटली, शिलाईवर बोट फिरवलं, कागद उजेडाला धरला. "हे कापायचं? छे छे. हे जपून ठेवण्यासारखं काम आहे."

"जपू नका हो, प्लीज," मैत्रीण म्हणाली. "कापा."

त्यांना वाटलं ही आपली चेष्टा करते आहे. "तुम्हा लोकांनाच तुमच्या वस्तूची कदर नाही," असं म्हणून त्यांनी अंक घेतला आणि पिशवीत टाकायच्या आधी वर्तमानपत्रात गुंडाळून मागितला.

सगळ्या प्रती गेल्या. त्याआधी आमचा अंक असा कधी खपला नव्हता. टेबल आवरताना मी खूश होते. मैत्रीण नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत ती घेणाऱ्यांना फोनवर विचारत राहिली. कापला का? फोटो पाठवा ना. फोटो यायचे. एकाने अंक शोकेसमध्ये मुलाच्या कराटेच्या कपांमध्ये उभा केला होता. एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड मेणबत्तीवर बंद केलं होतं, कसर लागू नये म्हणून. कुठल्याशा कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्रत गेली होती, तिला रेक्झिनची बांधणी झाली होती आणि आतल्या पहिल्याच पानावर, शेंदरी रंगाच्या बरोबर मध्यभागी, गोल शिक्का बसला होता.

"हे सगळं मी समजू शकते," मैत्रीण म्हणाली. "पण आमच्या घरी काय झालंय, तू येऊन बघ."

मी गिरीजला गेले. त्यांच्या बैठकीच्या खोलीत, डॅडी-मम्मीच्या लग्नाच्या फोटोशेजारी, अंकातली मधली दोन पानं टांगलेली होती. लॅमिनेट केलेली.

"डॅडींनी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन करून आणलं," ती म्हणाली. "डॅडी! ह्याला आता कात्री तरी लागेल का?"

"म्हणूनच तर केलं," डॅडी आरामखुर्चीतून म्हणाले. "तू घरात नसताना तुझी भाचरं आली होती. एकाच्या हातात कात्री होती. मी वेळेवर बघितलं म्हणून."

"डॅडी, त्याला करू द्यायचं होतं ना!"

"वेडी आहेस काय? छापलेली वस्तू आहे." मग माझ्याकडे बघून, "तू तरी सांग हिला. तुझं ऐकते ती."

आजवर मी समजत होते की अक्षराची ही भीड आमच्यासारख्या घरांत असते, जिथे ते उशिरा आलं. इथे तिसरी पिढी मास्तरकीत होती, जिन्याखाली पुस्तकांना वाळवी लागत होती, तरी हीच गत. छापलेलं बाहेरून आलेलं असलं तर जिन्याखाली चालतं, आपल्या पोरीचं असलं की लॅमिनेट, असंही असेल. मला मनातून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

आम्ही ओट्यावर येऊन बसलो. मैत्रिणीने ओट्यावरचा वाळलेला रंग नखाने खरवडला. मग म्हणाली, "तुझा कापलास?"

"नमुने कापले की किती."

"नमुने नाही. शिवलेला. पूर्ण झालेला."

"नाही."

"का?"

"तू कापलास?" मी विचारलं.

तिनेही नाही म्हणून मान हलवली. मग दोघींनाही हसू आलं, पण फार नाही. ती म्हणाली, "बस. म्हणजे आपण चुकीची वस्तू केली. पुढच्या महिन्यापासून मी पिशव्यांना जाते."

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी घरी आले.

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी ती आमच्याकडे फराळाला आली. दरवर्षी येते, जशी मी नाताळाला तिच्याकडे जाते. मी तिला घ्यायला खाली गेटपर्यंत गेले. परत फिरलो तर ती थांबली आणि वर बघायला लागली.

"ए. ते बघ."

दुसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत आमचा कंदील होता. त्याच्या वर चौथ्यावर एक. बाजूच्या विंगला कोपऱ्यात आणखी एक, त्याच्या झिरमिळ्या ग्रिलमध्ये अडकल्या होत्या. तोच आकार, तोच पिवळा, तोच शेंदरी. फक्त रंग सरकलेले होते. पिवळ्यावर शेंदरी जिथे बसायला हवा होता तिथून बाजूला गेलेला, आणि दिवा लागल्यावर त्या दोन रंगांच्या मधे कोऱ्या कागदाची एक पांढरी कड उजळत होती.

"हे आपले आहेत," ती म्हणाली.

"आपले नाहीत. वेस्टेज आहे हे."

छापताना रंग जागेवर बसला नाही की तो कागद आम्ही बाजूला काढतो. त्याच्यावर पुढे काळा चढवत नाही, कारण मजकूर कशाला वाया घालवायचा. त्या खराब कागदांचा गठ्ठा मी घरी आणून पडवीत म्हणजे आमच्या बंदिस्त गॅलरीत ठेवला होता. तो आता तिथे नव्हता.

वर गेल्यावर मी आईला विचारलं.

"टाकायचे होते ना ते?" आई म्हणाली. "तूच म्हणालीस, वाया गेलेत. आम्ही दुपारी टिकल्या लावायला बसतो तेव्हा केले. तू तो टांगलेला घरी आणला होतास, तो बघून बघून केले. पहिला वाकडा झाला, तो दुसऱ्या मजल्यावर दिला."

"काकी," मैत्रीण म्हणाली, "कुणी कापू नका म्हटलं नाही?"

"कोण म्हणणार?"

"काका?"

बाबा चकलीचा डबा उघडत होते. "मी कशाला म्हणू? त्याच्यावर काय लिहिलं नव्हतं. नुसते रंग होते. कापायला काय?"

"लिहिलेलं असतं तर?"

"तर नसतं कापू दिलं," बाबा शांतपणे म्हणाले. "हे घे, भाजणी घरची आहे."

मैत्रिणीने चकली घेतली. ती खाता खाता तिचं सगळं ठरून गेलं हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. जिन्यातून खाली उतरताना ती म्हणाली, "अक्षर. अक्षराला अडतात लोक. रंगाला नाही, कागदाला नाही, शिलाईला पण नसतील. पुढचा अंक करू या. पण अक्षर नाही घालायचं."

"अंक आहे तो. अक्षर नाही तर काय घालायचं?"

"चित्रं. आकार. कापायच्या रेघा. बस."

"आणि नावं?"

"नाव म्हणजे अक्षरच ना."

मी तिला तिथेच नाही म्हणून सांगितलं. फार सौम्यपणे सांगितलं नसावं, कारण पहिल्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडून बघितलं. मी म्हटलं, बिननावाचं काम मी रोज करते. सोमवार ते शनिवार करते, त्याचा पगार घेते. रविवारी पण तेच करायचं असेल तर मी झोपेन. तुझ्या घरात तीन पिढ्या लोकांच्या वह्यांवर सह्या करतायत. माझ्या घरात माझ्या आधी कुणाचं नाव छापून आलं असेल तर ते मतदार यादीत.

"म्हणून ते देव्हाऱ्यात ठेवायचं?"

"मी नाही ठेवलं."

"पण आवडलं तुला."

"हो, आवडलं," मी म्हटलं. "मग?"

ती गेटच्या बाहेर रिक्षेसाठी उभी राहिली. रिक्षा आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बघ तू. मी जबरदस्ती नाही करत. पिशव्या आहेतच."

हिवाळाभर आम्ही अंकाविषयी बोललो नाही. बाकी बोलायचो. नाताळाला मी गेले, केक खाल्ला, तिच्या अंगणात बाजारातली प्लास्टिकची चांदणी होती. लॅमिनेट केलेली पानं भिंतीवर तशीच.

मार्चमध्ये मी एक तोडगा काढला. कापायचे कागद बिनअक्षराचे ठेवायचे आणि त्यांच्यासोबत एक छोटी शिवलेली पुस्तिका द्यायची. लेख तिच्यात, नावं तिच्यात. ज्याला ठेवायचं त्याने पुस्तिका ठेवावी, ज्याला कापायचं त्याने कागद कापावेत. डिझाइन म्हणून हे उत्तर बरोबर होतं. ऑफिसात मी असं उत्तर दिलं असतं तर ते एका मीटिंगमध्ये पास झालं असतं. मी एक नमुना करून घरी ठेवला, बाबांना काही न सांगता, नुसतं "हे बघा" म्हणून.

बाबांनी पुस्तिका वाचली. सगळी वाचली, शेवटच्या पानापर्यंत. मग बाहेर काढलेले रंगीत कागद नीट घडीवर घडी घालून परत तिच्या आत सारले, वरून रबर लावलं आणि उठून देव्हाऱ्याकडे गेले.

"बाबा, ते कागद वेगळे आहेत. ते कापायचे."

"एकाच्या पोटातलं आहे ना ते," बाबा म्हणाले. "एकत्रच राहू दे."

मी मैत्रिणीला फोन करून हे सांगितलं. ती हसली नाही, ह्याचं मला आश्चर्य वाटलं. म्हणाली, "मग?"

तिच्याकडे मागे कुणीतरी विहिरीवरचा पंप चालू केला होता, त्याचा आवाज येत होता.

"बिनअक्षराचा करू," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की नाही. पण करू."

तो अंक आम्ही त्या वर्षी केला. शिवला नाही, नुसता घडी करून वर कागदाची पट्टी गुंडाळली, तीही कोरी. आत मैत्रिणीने काढलेल्या वाड्या, माड, आमच्या इमारतीसारख्या इमारती, कळंबच्या किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होड्या, सगळं अशा बेताने बसवलेलं की कापून जोडलं की एक गावच दिव्याभोवती फिरतं. मी आजवर केलेल्या कामात ते सगळ्यात चांगलं होतं. हे मी आत्ता इथे लिहिते आहे कारण त्याच्यावर ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

हॉलमधल्या टेबलावर लोक पट्टी काढून आत बघायचे आणि विचारायचे, "ह्यात वाचायचं काय?"

"काही नाही," मैत्रीण सांगायची. "कापायचं."

"कोणी काढलाय हा?"

तिने दर वेळी माझ्याकडे पाहिलं. मी दर वेळी सुटे पैसे शोधत होते.

लोकांनी कापले. उभ्या उभ्या टेबलाशीच कापायला घेतले काहींनी, एका मुलीने तर आमचीच कात्री नेली. गेल्या वर्षीच्या त्या चष्मा पुसणाऱ्या गृहस्थांनी दोन्ही बाजूंनी नीट पाहिला आणि म्हणाले, "ह्या वेळी नाही काही खास केलेलं तुम्ही," आणि नातवासाठी म्हणून घेतला. फोटो यायला लागले, न मागता. उमेळ्याचे, नालासोपाऱ्याचे, कुठल्या कुठल्या गॅलरीतले. पिशव्यांचं नाव मैत्रिणीने पुन्हा काढलं नाही.

घरी मी प्रत वसुबारसेला आणली. बाबांनी पट्टी काढली, सगळे कागद पलंगावर पसरले, एकेक उचलून मागून पुढून बघितला. मग चष्मा लावून परत बघितला.

"तुझं नाव कुठाय?"

"नाही टाकलं."

"का? भांडलात काय दोघी?"

"नाही. नाव असलं की कुणी कापत नाही म्हणून."

"कोण कापत नाही?"

आई आतून म्हणाली, "अहो, तुम्हीच!"

बाबा बराच वेळ ते कागद बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं असावं, किंवा राग आला असावा, त्यांच्या तोंडावरून मला कधीच नीट कळत नाही. मग त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, मांडी घालून बसले आणि आईकडे कात्री मागितली. मला म्हणाले, "कुठल्या रेघेवर?"

मी दाखवली. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचा हात, तरी दोनदा रेघ सोडून गेला. एक माड बुंध्यापासून तुटला. तो त्यांनी मागून चिकटपट्टी लावून उभा केला. मी मधे हात घातला नाही. संध्याकाळपर्यंत कंदील झाला, जरा एका अंगाला झुकलेला.

टांगायला ते स्टुलावर चढले, मी स्टूल धरून उभी राहिले. शेजारचे काका त्यांच्या गॅलरीत लाइटची माळ लावत होते. ते थांबून बघायला लागले.

"वा! कुठून आणलात?"

"आणला नाही, केला," बाबा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले.

"हो का? कुणी केला?"

"मी," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "बाय, स्टूल सोडू नको. आईला सांग बटण दाबायला."